दोन ओळी लिहून दे

आधीच माफी मागतो. मला लिहिता येत नाही. म्हणजे अक्षरं येतात, परीक्षेत उत्तरंही लिहितो, पण लोकांनी बसून वाचावं असं काही मी कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं नाही. त्यामुळं काय सांगावं, काय झाकावं, कुठं थांबावं, हे विचारायला माणूस नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

एवढं लिहिलं आणि मलाच कसंसं झालं. माफी मागणं ही माझी सवयच आहे. एसटीत सीट मिळाली तरी मी अंग चोरून बसतो. कुणी 'कुठला रे तू?' म्हणालं की आवाज आपोआप खाली जातो. या सवयीबद्दलच लिहायला बसलो आणि सुरुवात तिनंच केली. असू दे. खोडत नाही.

कॉलेज नगरला आहे. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, पण आमच्या तोंडात नगरच. तिथं मी कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात आतल्या बाजूला कॉम्प्युटर आहेत आणि प्रिंटर बाहेर काउंटरवर. आतून कळ दाबायची, कागद सगळ्यांसमोर निघतात. हे मला माहीत होतं. एक गोष्ट माहीत नव्हती. कोर्टांच्या निकालांचा जो डेटाबेस कॉलेजनं घेतलाय, त्यात तुम्ही जो शब्द शोधता तो पानापानावर रंगवलेला येतो. पडद्यावर पिवळा. कागदावर करडा.

मी शोधलेला शब्द होता 'पारधी'.

मी बाहेर आलो तेव्हा पानं निघतच होती. काउंटरपाशी मूट कोर्टची मुलं उभी होती. मूट कोर्ट म्हणजे खोट्या खटल्याची स्पर्धा. काळे कोट हातावर टाकलेले, कुठल्यातरी फेरीत जिंकून आलेली. त्यांच्याशी आमचे सर बोलत होते. सर ग्रंथालय समितीचे प्रमुख. आम्हाला गुन्हेगारीशास्त्र शिकवतात. चांगलं शिकवतात, हे खोटं कशाला सांगू. बोलता बोलता त्यांनी वरचं पान उचललं. मग त्याखालचं. मग आणखी एक. प्रत्येक पानावर तो करडा पट्टा.

"हे कुणाचं?"

"माझं, सर."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. पानाकडं पाहिलं. मग मुलांकडं वळून म्हणाले, "अरे, हा तर फॅमिली अल्बम छापतोय!"

सगळे हसले.

एक मुलगा म्हणाला, "सर, याला डेटाबेस कशाला? घरी एक फोन लावला तरी काम होईल."

"करेक्ट," सर म्हणाले. "यालाच म्हणतात प्रायमरी सोर्स."

पुन्हा हशा. एक मुलगी खाली बघत होती. बाकीचे मोकळेपणी हसत होते. त्यात राग नव्हता, द्वेष नव्हता. चहाच्या टपरीवर हसतात तसं.

आणि मीही हसलो.

हे लिहिताना हात थांबला होता. सरांचं वाक्य मी मित्रांना सांगितलंय, आईला नाही. पण मी हसलो हे कुणालाच सांगितलेलं नाही. दात काढून हसलो. जोक माझ्यावर नाहीच, असं दाखवायला. कुणी मारायला हात उचलला की कुत्रं आधीच शेपूट हलवतं, तसं.

पानं तिथंच टाकून मी बाहेर आलो. सायकल स्टँडपाशी उभा राहिलो. सायकल माझी नव्हतीच. उगाच उभा राहिलो.

ती पानं मला कशाला हवी होती ते सांगतो.

माझा मोठा भाऊ तुरुंगात आहे. मी त्याला दादा म्हणतो. आमची वस्ती सोनईच्या पुढं, गावाबाहेर. बाप गेला तेव्हा मी नुकता शाळेत जाऊ लागलो होतो. दादा शाळेत गेलाच नाही. आई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची, दादा ऊसतोडीच्या टोळीत. मला निवासी शाळेत नेऊन घातलं तेही त्यानंच. गुरुजींनी फॉर्मवर त्याचा अंगठा घेतला. बाहेर आल्यावर तो अंगठा विजारीला पुसत बसला. शाई निघेना.

सुट्टीत घरी आलो की मी त्याला सही शिकवायचो. पालथ्या घमेल्यावर, कोळशानं. तो म्हणायचा, "शिकीव बाबा. त्या शाईनं भाकर बी निळी दिसती." त्याला बाकी अक्षरं नको होती. नाव आणि आडनाव, बस. आडनावाच्या शेवटी तो एक लांब रेघ ओढायचा. ती माझी नाही, त्याची स्वतःची. सही जमली त्या दिवशी त्यानं घमेलं उचलून सगळ्या वस्तीला दाखवलं होतं. मला एवढा अभिमान पुन्हा कशाचा वाटला नाही. सीईटीला पास झालो तेव्हासुद्धा नाही.

गेल्या हंगामात टोळी राहात्याकडं होती. तेव्हाच दुसऱ्या एका तालुक्यात, शेतातल्या बंगल्यात दरोडा पडला. काही दिवसांनी पोलिसांना घेऊन एक खासगी जीप आमच्या वस्तीवर आली. दादा नव्हता, म्हणून तिथून फडावर गेली आणि त्याला कोयत्यासकट उचलला. दरोड्याच्या वेळी तो ट्रॅक्टर भरत होता हे अख्ख्या टोळीला माहीत आहे. मुकादम म्हणाला, "मला म्हाईत हाय रं. पन मी कोर्टात न्हाई यायचो. टोळी बुडंल माझी." मी त्याला नावं ठेवत नाही. ठेवावीशी वाटतात, पण ठेवत नाही.

विधी सेवेकडून दादाला एक वकीलबाई मिळाल्या. कोर्टासमोर एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला त्यांचं टेबल आहे. त्यांनी कागद चाळले आणि मला म्हणाल्या, "तू लॉ करतोस ना? मग ऐक. ओळखपरेड फार उशिरा घेतलीय. आणि तुझा भाऊ म्हणतो, त्याआधीच फिर्यादीला ठाण्यात बोलावून याला दाखवला. आधी दाखवला असेल तर मग ओळखण्यात काय अर्थ राहिला? अशा परेडीबद्दल कोर्टं काय म्हणालीत ते काढून आण. तुमच्या कॉलेजात डेटाबेस असेल. माझ्याकडं नाही."

कायद्यातलं काहीतरी मला कुणीतरी मागितलं होतं. पहिल्यांदाच. मी रिक्षात न बसता स्टँडपर्यंत चालत गेलो. पाय जमिनीवर नव्हते.

आणि दुसऱ्या दिवशी डेटाबेस उघडून मी काय लिहिलं? ओळखपरेड नाही. आधी जमातीचं नाव लिहिलं.

आज हे मला मूर्खपणाचं वाटतं. पण त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. आमच्यासारख्याचा निकाल आमच्या नावाखालीच असणार, असं मी धरून चाललो. कारण आम्हाला सगळे असंच शोधतात. चोरी झाली की जीप आधी आमच्या वस्तीवर येते. आमची आडनावं मोठ्या घराण्यांसारखी आहेत, ती ऐकून लोक खूश होतात, मग विचारतात, "म्हणजे कुठले?" वस्तीचं नाव सांगितलं की चेहरा बदलतो. शोधायची दुसरी रीत असते हे मला कोण सांगणार?

निकाल इंग्रजीत होते. मी मोबाईलवर शब्दांचे अर्थ बघत वाचत होतो. पानामागून पानं. 'आरोपी हे पारधी जमातीचे असून.' 'सदर वस्तीत पारधी लोक राहतात, अशी खबर मिळाल्यावरून.' खाली आरोपींची नावं. काही नावं अशी की मी हाक मारली तर वस्तीत कुणीतरी ओ देईल. मी पहिली पानं वाचली आणि छापायला सोडली. शेवटपर्यंत एकही निकाल वाचला नाही. मला आत कुठंतरी घाण वाटत होती. वाटलं, एवढी सगळी पानं खोटी कशी असतील? दादा खरंच तर...

हो. हेही माझ्या मनात आलं. माझ्या मनात.

नंतरचे काही दिवस मी ग्रंथालयाकडं फिरकलो नाही. वकीलबाईंकडं मात्र जावंच लागलं. रिकाम्या हातानं गेलो. काय शोधलं आणि काय झालं ते चाचरत सांगितलं. मी हसलो ते सोडून. त्या हसल्या नाहीत. कपाळाला हात लावून बसल्या.

"अरे, कायदा जातीनं शोधतात का? मुद्द्यानं शोध. त्याला धरला तो जातीनं. सोडवायचा मुद्द्यानं. कळलं?"

"हो मॅडम."

"काय कळलं?"

"ओळखपरेड. उशीर. आधी दाखवला."

"हं. जा आता. आणि तोंड वर करून चाल जरा."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो. काउंटरवरच्या काकांनी माझं कार्ड मशीनला लावलं आणि परत दिलं. "बंद दाखवतंय रे. सरांना भेट."

सर केबिनमध्ये होते. बसायला सांगितलं. त्या दिवशी ते फार प्रेमानं बोलले, ते आठवलं की अजून त्रास होतो.

"हे बघ, डेटाबेस शैक्षणिक कामासाठी आहे. तू घरगुती कामासाठी वापरलास. कुणीतरी तुझ्या भावाबद्दल मला सांगितलं. वाईट वाटलं मला. पण नियम तो नियम. असं कर, एक छोटा माफीनामा दे. वैयक्तिक कामासाठी सुविधा वापरली, पुन्हा असं होणार नाही. दोन ओळी लिहून दे, विषय संपला."

"हो सर," मी म्हणालो.

त्यांनी कोरा कागद पुढं केला. मी म्हणालो, "उद्या आणून देतो." का म्हणालो माहीत नाही. माझं अक्षर त्यांच्यासमोर थरथरलं असतं म्हणून असेल. खोलीवर येऊन मी तो लिहिला. 'मी खाली सही करणार...' अशी सुरुवात करतात, ते आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलंय. सुंदर अक्षरात लिहिला. सही तेवढी राहिली. सकाळी तुरुंगात भेटीचा वार होता. कागद घडी करून खिशात टाकला. भेट झाली की परस्पर कॉलेजला जायचं ठरवलं होतं.

भेटीला आई आणि मी गेलो. मध्ये जाळी. जाळीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं दादा, बाजूला खुर्चीवर शिपाई. आमची घरातली भाषा वेगळी आहे. मराठी आम्ही बाहेर बोलतो. आईनं तोंड उघडलं आणि शिपाई म्हणाला, "मराठीत बोला. आम्हाला कळलं पाहिजे."

आई गप्प झाली. अख्ख्या वस्तीला शिव्यांनी सरळ करणारी बाई. जाळीला बोटं लावून उभी राहिली. खूप वेळानं मराठीत म्हणाली, "जेवतो का?"

"जेवतो," दादा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "कालिज चाललंय का तुजं?"

"चाललंय."

"काळा कोट कवा मिळतो?"

"अजून दोन वरीस."

"लवकर घे बाबा. तवर मी हाय हितंच." आणि हसला. त्याचा पुढचा एक दात नव्हता. आधी होता.

मी विचारलं, "दादा, मॅडम म्हणत होत्या पोलिसांच्या एका कागदावर तुझी सही आहे. कशावर केलीस सही?"

"काय म्हाईत."

"असं कसं? वाचून नाही दाखवलं?"

"मी म्हनलो साहेबाला, मला वाचता येत न्हाई. तो म्हनला, वाचायचं कशाला, सही येती न्हवं? दोनच वळी हायेत. ठोक सही, विषय संपला. लई हानलं हुतं तवर. म्हनलं संपू दे." त्यानं अंगठ्याकडं बघितलं. "अंगठा आस्ता तर म्हनता आलं आस्तं, की धरून उठवला. सहीचं काय म्हननार? ती तर मीच केली. तू शिकवल्याली." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, त्यानं हवेत बोटानं रेघ ओढली. शेवटची, लांब. "झोकात आल्ती."

शिपाई म्हणाला, "चला. टाईम झाला."

बाहेर येऊन आई फाटकाच्या कडेला बसली. मी उभा होतो. खिशात तो कागद होता. मी खाली सही करणार.

मोठा विचार वगैरे काही आला नाही. पुस्तकात लिहितात तसं डोक्यात लख्ख झालं, असंही नाही. माझी लाजच वाढली. एवढंच दिसत होतं की आमच्या घरात दोघांना सही येते. एकाला मार देऊन घेतली. दुसऱ्याकडून प्रेमानं मागितली, आणि तो सुंदर अक्षरात लिहून खिशात घेऊन फिरतोय. त्याला कुणी बोट लावलेलं नाही.

कॉलेजला पोहोचलो तेव्हा सर ग्रंथालयातच होते, काउंटरपाशी. मूटची मुलंही होती. मला केबिनमध्ये भेटायचं होतं. चारचौघांत बोलायची माझी हिंमत नसते. पण सरांनीच विचारलं.

"आणलंस का?"

"नाही सर."

"मग?"

"मी देणार नाही."

आवाज फाटला माझा. एका मुलानं वळून पाहिलं.

"काय म्हणालास?"

"मी अभ्यास करत होतो, सर. त्याची माफी मी लिहून देणार नाही."

"अभ्यास? घरच्या केसचा?"

"हो सर. घरच्या केसचा." मी मूटच्या मुलांकडं बोट केलं. "यांची केस खोटी असते, तिला डेटाबेस चालतो. माझी खरी आहे."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. सरांचा चेहरा लाल झाला. "तुमच्यासाठी आम्ही एवढं करायचं, आणि वर ही भाषा?"

"कार्ड कोणत्या नियमानं बंद केलं, ते मला लेखी द्या, सर."

"लेखी?"

"हो. आणि त्या दिवशीची पानं पण द्या. अल्बम म्हणालात ती."

सर आत गेले. दार लावलं. काका काउंटरखाली वाकले. एका बाजूला कोरे असलेले कागद तिथं रफ कामाला ठेवतात, त्या गठ्ठ्यातून त्यांनी माझी पानं एकेक वेगळी काढली. काही गेली होती. उरलेल्यांच्या पाठीवर कुणीतरी पेन चालतं का बघितलं होतं, एकावर वडापाव आणायला कोण जाणार याची नावं होती. एकावर नुसती फुलं काढली होती. पानं सरळ करून काकांनी माझ्या हातात दिली. देताना केबिनच्या दाराकडं बघत होते. त्यांनाही तिथं नोकरी करायची आहे.

बाहेर आलो. नळावर पाणी प्यायलो. वाटलं, परत जावं, चुकलं म्हणावं, सही करावी. अजूनही वाटतं कधीकधी. अंतर्गत गुण सरांच्याच हातात आहेत. मी शूर नाही, हे इथं लिहून ठेवतो.

लेखी मला काही मिळालं नाही. कार्डही चालू झालं नाही. प्राचार्यांकडं अर्ज दिला, त्याची पोच घेतली, ती जपून ठेवलीय.

डेटाबेस गेला. मग मोबाईल उरला. कोर्टांचे निकाल सरकारी साइटवर फुकट बघता येतात, फक्त शोधणं किचकट. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून मी शोधू लागलो. मुद्द्यानं. ओळखपरेडीला झालेला उशीर. परेडीआधी आरोपी साक्षीदाराला दाखवणं. निकाल येत गेले. त्यात सगळी माणसं होती. व्यापारी, ड्रायव्हर, कुणा पुढाऱ्याचा पोरगा, एक डॉक्टर. परेड धड झाली नाही म्हणून कोर्टानं त्या ओळखण्यावरच शंका घेतली होती. कुणाच्याही नावापुढं जमात लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच पडली नव्हती. मी ते वाचत राहिलो आणि मला रडू आलं. कायदा तिथंच होता. आमच्यासाठीही तोच. मीच दुसऱ्या दारानं आत शिरत होतो, कारण मला आजवर तेच दार दाखवलं होतं.

माझी ती मळलेली पानंही मी काढली, आणि त्यातला एकेक निकाल मोबाईलवर शोधून शेवटपर्यंत वाचला. काहींच्या शेवटी 'निर्दोष मुक्तता' होतं. काहींच्या नव्हतं. खोटं सांगणार नाही. पण शेवट वाचायच्या आधीच सर हसले होते. आणि शेवट वाचायच्या आधीच मी माझ्या भावावर संशय घेतला होता.

मुद्द्याचे निकाल वकीलबाईंना नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावून वाचले, दोन बाजूला काढले, बाकीचे परत दिले. "हे दोन चालतील," म्हणाल्या. एवढंच. मला पुरलं.

तारखा पडत गेल्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. "जामीन झालाय. तुझा एक निकाल जज्जसाहेबांनी मागून घेऊन वाचला. आईला सांग." मी आईला सांगितलं. फोनमध्ये वस्तीचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी थाळी वाजवत होतं. जामीनदार, कागद, शिक्के यांत आणखी दिवस गेले. सुटायच्या दिवशी माझा पेपर होता. मी म्हणालो, पेपर सोडतो. आई म्हणाली, "सोडलास तर घरात घेनार न्हाई." ती आणि मामा फाटकावर गेले.

पेपर सुटला. मोबाईल चालू केला. मामाच्या नंबरवरून कितीतरी फोन येऊन गेले होते. लावला. आईनं उचलला. ती आमच्या भाषेत बोलत होती, मी मराठीत लिहितोय.

"भाईर आला. फाटकातनं भाईर पाय टाकला आन् जीप उभीच हुती. दुसऱ्या ठान्याची. दुसरी कसली तरी चोरी म्हनं. माज्या हाताला हात सुदिक लागू दिला न्हाई. घेऊन गेले."

मी भिंतीला टेकलो. पेपर देऊन बाहेर पडणारी मुलं बाजूनं जात होती. कुणीतरी विचारत होतं, तिसऱ्या प्रश्नाला काय लिहिलंस. मला वाटलं, संपलं. एवढं सगळं करून पुन्हा तिथंच. दोन निकालांनी काय होणार होतं? यांच्याकडं जीप किती आहेत.

मग मी विचारलं, "कोणतं ठाणं? मामाला नीट विचार."

मामानं मागून ठाण्याचं नाव सांगितलं. ते दोघं जीपच्या मागं मागं टेम्पोनं तिथवर गेले होते. ठाण्याच्या बाहेर उभे होते.

"मारलं का त्याला?"

"मारत्यात. ऐकू येतंय."

पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता. "आई, सही घेतली का त्याची कशावर?"

मागं गाड्यांचा आवाज. मग तिचा आवाज आला, आणि तो रडका नव्हता.

"न्हाई केली. एक हवालदार आत्ताच भाईर येऊन शिव्या देऊन गेला आमाला. म्हनला, तुमच्या पोराला माज आलाय. कागुद पुढं केला तर म्हनतो, माजा भाऊ आधी वाचल. मग बगू."

"काय म्हणाला?"

"म्हनतो, माजा भाऊ वाचल. तवर हात लावनार न्हाई. मारत्यात, तरी न्हाई केली."

"त्याला ओरडून सांग आई," मी म्हणालो. "बाहेरूनच सांग. आपल्या भाषेत सांग. मी निघालो. वाचायला येतोय."